एक हेफ्टी टेबल वर नेण्याची परवानगी मिळण्याबाबत

त्या अर्जात मी नुसतं 'एक टेबल' असं लिहिलं असतं, तर टेबल त्याच रविवारी वर गेलं असतं आणि मलाही चारचौघांत मान वर करून फिरता आलं असतं. आमच्या इमारतीत याआधी कपाटं वर गेली आहेत, फ्रिज गेले आहेत, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा लोखंडी झोपाळासुद्धा साखळ्यांसकट गेला आहे. पद्धत सोपी आहे. 'एक कपाट', 'एक फ्रिज' असा इंग्रजीत दोन ओळींचा अर्ज करायचा, सेक्रेटरी त्यावर सही ठोकतात, की झालं. आपल्या कपाटाला विशेषण लावायची बुद्धी आजवर कुणालाही झाली नव्हती. ती मला झाली, आणि त्याला कारण माझे वडील.

बाबा आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि विशेषण ही त्यांच्या मते फार जपून वापरायची वस्तू होती. त्यांच्या वर्गात नवं विशेषण फुकट मिळत नसे. ज्याला ते हवं असेल त्याने त्याला शोभेल अशी एखादी वस्तू घरून आणायची, ती सगळ्या वर्गाच्या हातांतून फिरवायची, आणि वर्गाला पटलं तरच ते विशेषण वापरायची मुभा. नाही पटलं तर वस्तू उचलून परत घरी. 'रफ'साठी एकाने वीट आणली होती. 'डेलिकेट'साठी एकीने आजीचा चष्मा आणला. तो तिसऱ्याच बाकावर फुटला, पण शब्द मात्र वर्गाच्या कायमचा ध्यानात राहिला. घरी हा कायदा आणखी कडक होता. माझ्या निबंधातलं एकही विशेषण त्यांच्या लाल शाईतून जिवंत सुटलं नाही. "झाड म्हणालास ना? मग हिरवं कशाला? निळं असलं तर सांग." पुढे मी विमा कंपनीत पत्रांचे मसुदे करायला लागलो. तिथे साहेब माझ्या मसुद्यांत विशेषणं घालतात आणि मी ती मुकाट्याने टाइप करतो. माणसाच्या स्वाभिमानाचं काय होत असेल, याचा विचार दोन्हीकडे कुणी केलेला नाही.

आई गेल्यावर बाबा गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत एकटे राहत होते. या वर्षी ते न्हाणीघरात घसरून पडले. मोडलं काही नाही, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे त्यांना एकटं ठेवू नका. मी आणि बायको दोघंही जाऊन बसलो. "बाबा, आता आमच्याकडेच चला." मला वाटलं होतं फार घासाघीस करावी लागेल. पण ते लगेच म्हणाले, "माझं टेबल वर आलं तर येतो. टेबल नाही, तर मी नाही." खोली मात्र त्यांनी सोडली नाही. घरमालकाकडे दुसरा भाडेकरू तयार होता आणि महिनाअखेरपर्यंत त्याला काय ते कळवायचं होतं. म्हणजे टेबल वर गेलं तर बाबा आमच्याकडे, नाही तर बाबा पुन्हा त्या न्हाणीघरात. हे आमच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

आता टेबलाविषयी. शाळेची जुनी व्यासपीठं मोडली तेव्हा शाळेच्या सुताराने त्या फळ्यांतून ते बाबांसाठी बनवलं होतं. दोन्ही बाजूंना खण, मध्ये पाय घालायला जागा, आणि वर एवढी फळी की परीक्षेच्या दिवसांत एका टोकाला तपासलेले पेपर, दुसऱ्या टोकाला न तपासलेले आणि मध्ये बाबा असे सगळे सुखाने मावत. सुटं करून नेता येईल का, म्हणून मी एक सुतार बोलावला. तो खाली वाकला, आत हात घालून आला, आणि म्हणाला, "यात खिळा नाही, स्क्रू नाही. सगळं एकमेकांत बसवलंय. कापायचं असेल तर सांगा." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपली करवत पिशवीत घालून निघून गेला.

टेम्पोतून टेबल आणून इमारतीच्या खाली पार्किंगमध्ये ठेवलं आणि मी अर्ज लिहायला बसलो. इंग्रजीच्या शिक्षकाचा मुलगा वडिलांच्या टेबलासाठी अर्ज लिहितो आहे, तेव्हा काहीतरी दिसायला हवं, असं मला वाटलं. 'बिग' फार पोरकट. 'हेवी' म्हटलं तर नुसतं वजन. 'बल्की' म्हटलं तर नुसता आकार. बराच वेळ पेन चावल्यावर मला 'हेफ्टी' सुचलं. आकारही आला, वजनही आलं, शिवाय शब्दातच एक दांडगेपणा. 'वन हेफ्टी टेबल.' मी अर्ज घेऊन बाबांच्या खोलीवर गेलो, तो त्यांच्या हातात दिला आणि लहानपणच्या सवयीने खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. बाबांनी तो वाचला. त्या शब्दापाशी ते थांबले, हे मला न बघताही कळलं. मग त्यांनी कागद परत दिला आणि म्हणाले, "ठीक आहे. असाच दे."

असाच दे. माझं वय आज असं आहे की चष्म्याशिवाय मला स्वतःची सहीसुद्धा दिसत नाही, आणि बाबांनी माझं विशेषण पहिल्यांदाच जिवंत सोडलं होतं. मी जिना उतरलो तो तरंगतच. सेक्रेटरींच्या हातात अर्ज देताना मी तो शब्द त्यांच्या नजरेला पडेल अशा बेताने धरला होता, हेही कबूल करून टाकतो.

तो त्यांच्या नजरेला पडला. आमचे सेक्रेटरी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आहेत. माणूस वाईट नाही, पण आयुष्यभर पाणी सोडण्यापेक्षा अडवण्याचंच काम जास्त केल्यामुळे हाताला तसं वळण पडलेलं आहे. त्यांनी कोश काढला. हेफ्टी म्हणजे आकाराने मोठं आणि वजनाने जड. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"मोठ्या आकाराची वस्तू लिफ्टमध्ये न्यायची नाही, असा आपला नियम आहे," ते म्हणाले. "आणि जड वस्तू जिन्याने न्यायची नाही, नवी फरशी बसवलीय म्हणून. तुम्ही 'बल्की' लिहिलं असतं तर मी जिन्याने न्या म्हटलं असतं. 'हेवी' लिहिलं असतं तर लिफ्टने. पण तुमचं हेफ्टी दोन्हीकडे अडकतंय. आता सांगा, कुठून न्यायचं?"

"तसेच फ्रिज गेले की हो वर," मी म्हणालो.

"ते नुसते फ्रिज होते."

मी दुसऱ्या दिवशी नवा अर्ज केला, त्यात फक्त 'वन टेबल'. सेक्रेटरींनी तो पहिल्या अर्जाशेजारी ठेवला आणि अत्यंत शांतपणे विचारलं, "विशेषण काढलं म्हणून वजन उतरलं का?" याला काय उत्तर द्यायचं ते मला विमा कंपनीनेही शिकवलेलं नव्हतं.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे 'सल्लागार' म्हणतात, कारण त्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही. ते पार्किंगमध्ये येऊन टेबलाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मुळात टेबल हेफ्टी असतंच कुठे? दंड हेफ्टी असतो. बिल हेफ्टी असतं. तुम्ही शब्द चुकीच्या ठिकाणी वापरला, असं लिहून द्या आणि मोकळे व्हा." दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी आपला अनुभव सांगितला. त्यांनी एका पेशंटची तब्येत चांगली आहे, अशा कौतुकाने तिला हेफ्टी म्हटलं होतं. ती अर्धी दाढ तशीच घेऊन उठून गेली आणि पुन्हा आली नाही. "माणसाला लावताना जपून," ते म्हणाले. मी कुठल्याही माणसाला काही लावत नव्हतो, पण ऐकतो कोण.

मग वजनाचा दाखला आणायचं निघालं. एवढं टेबल काट्यावर न्यायला पुन्हा टेम्पो हवा. सल्लागारांनी तोड सुचवली: माणसाचं वजन करायचे चार काटे आणा, चार पायांखाली चार काटे ठेवा, बेरीज करा. आम्ही घरोघर फिरून काटे गोळा केले. पहिल्यांदा आलेली बेरीज एका दांडग्या माणसाची होती. दुसऱ्यांदा आलेली जवळजवळ त्याच्या सगळ्या कुटुंबाची. तिसऱ्यांदा दाताच्या डॉक्टरांच्या काट्यातून खट् असा आवाज आला आणि त्याची काच तडकली. सेक्रेटरींनी हे सगळं हात मागे बांधून पाहिलं आणि निर्णय दिला की माणसांच्या काट्यावर केलेलं फर्निचरचं वजन ग्राह्य धरता येणार नाही. डॉक्टर आठवडाभर माझ्याशी दात दाखवूनसुद्धा हसले नाहीत.

इकडे बाबा रोज सकाळी बसने यायचे आणि पार्किंगमध्ये टेबलाशी खुर्ची टाकून बसायचे. "वर चला ना, बाबा, निदान जेवायला तरी," असं बायको रोज म्हणायची. "टेबल वर, तर मी वर," एवढंच त्यांचं उत्तर. मग ती ताट झाकून खाली घेऊन जायची. दोन गाड्यांच्या मधोमध बसून बाबा जेवायचे, शब्दकोडं सोडवायचे, आणि अंधार पडायच्या आत बसने परत जायचे. येणारेजाणारे माझ्याकडे बघायचे. ज्याला स्वतःच्या बापाला घरात घेता येत नाही असा माणूस कसा दिसतो, हे बघून घेत असावेत. महिना संपत आला. मी रात्री कूस बदलत पडलो की बायको म्हणायची, "एका शब्दापायी काय होऊन बसलं हो." तिचा सूर दोष देण्याचा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागायचं.

शेवटच्या रविवारी कमिटीची सभा पार्किंगमध्येच भरली. टेबल समोर असावं, हा हेतू. सभेला सेक्रेटरी, डॉक्टर, सल्लागार, मी, आणि टेबलाशी बसलेले बाबा. सेक्रेटरी म्हणाले, "सर, तुम्ही या विषयातले जाणकार. तुम्हीच एकदा या शब्दाचा नेमका अर्थ सांगा. तुम्ही सांगाल तो आम्ही नोंदवू आणि त्याप्रमाणे ठरवू."

बाबांनी कोडं बाजूला ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. आधी त्यांना बोलायचं नव्हतं, असं मला वाटलं. पण अर्थ विचारल्यावर गप्प बसणं त्यांना या जन्मी तरी जमण्यासारखं नव्हतं. ते उठले.

"अर्थ मी सांगत नसतो," ते म्हणाले. "हाताला कळला पाहिजे. डॉक्टर, तुमच्या नव्या खुर्चीचं खोकं जिन्याखाली पडलंय, ते आणा."

डॉक्टरांनी ते अवाढव्य रिकामं खोकं कवेत घेऊन आणलं. खोक्याच्या मागे ते स्वतः दिसत नव्हते. "जड आहे?" "नाही." "मग चालताना अडखळत का होतात? हे बल्की. आता सेक्रेटरीसाहेब, तुमच्या पंपाचा तो जुना भाग आहे ना कोपऱ्यात, तो आणा." सेक्रेटरी गेले, एका हाताने उचलायला बघितलं, मग दोन्ही हातांनी, आणि तो नारळाएवढा भरीव लोखंडी तुकडा पोटाशी धरून आले. "हे हेवी. पिशवीत मावेल, पण पिशवी राहणार नाही. आता दोन्ही खाली ठेवा आणि टेबलापाशी या. चार कोपरे, चार माणसं."

सल्लागार आधीच कंबर धरून बाजूला झाले होते, म्हणून चौथा कोपरा बाबांनी स्वतः धरला. "उचला." टेबल तीन बाजूंनी वर आलं. चौथी बाजू तिथेच राहिली. बाबांच्या मनगटाच्या शिरा मला दिसल्या. मी हाक मारली तशी बायको जिना उतरून आली आणि काही न विचारता तिने बाबांच्या हाताशेजारी आपला हात घातला. बाबांनी हळूच आपला काढून घेतला.

"उचला," ते पुन्हा म्हणाले, जरा खाली आवाजात.

टेबल वर आलं. आणि पार्किंगमध्ये अशी शांतता पसरली की कमिटीच्या इतिहासात अशी पूर्वी झाल्याचं मला तरी आठवत नाही. सल्लागारांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून सल्ला येत नव्हता.

"हे हेफ्टी," बाबा म्हणाले. "उचलतं, पण उचलताना बडबड बंद होते. आलं ध्यानात?"

ध्यानात आलं होतं, पण तसं सांगायला कुणाकडे श्वास नव्हता. खाली ठेवायचं तर बोटं सापडणार, म्हणून सगळेच एकमेकांकडे बघत उभे. तेवढ्यात बायकोने, कुणाच्याही परवानगीची वाट न बघता, जिन्याच्या दिशेने पाऊल टाकलं. चार पायांच्या वस्तूचा एक कोपरा निघाला की उरलेल्या तिघांना निघावंच लागतं. सेक्रेटरींना हरकत नोंदवायची होती हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं, पण हरकत नोंदवायलाही दम लागतो. पहिली पायरी चढली. दुसरी चढली. नव्या फरशीला काहीही झालं नाही.

पहिल्या मजल्याच्या वळणावर घोडं अडलं. टेबल ना पुढे जाईना, ना मागे. आम्ही ते तिथेच तिरकं टेकवलं आणि पायऱ्यांवर बसकण मारली. डॉक्टर आपल्या बोटांवर फुंकर घालत होते, त्यांचं सगळं पोट त्या बोटांवर. सेक्रेटरी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसले. बाबा मागून एकेक पायरी धरत आले आणि माझ्या शेजारी बसले.

"आता खाली न्या," ते हळू आवाजात म्हणाले. "लोकांना किती त्रास."

"आता? अर्ध्यावरून?"

बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "त्या अर्जातलं विशेषण मी कापायला हवं होतं. बघितल्याबरोबर कळलं होतं, हे अडकणार म्हणून. मुद्दाम ठेवलं."

मला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू सगळं कळत गेलं, आणि त्या क्रमाने माझ्या तोंडचं पाणी पळत गेलं. आयुष्यात मिळालेली एकुलती एक शाबासकी होती ती. तीही खोटी.

"पण का?"

"तुला नाही कसं म्हणणार होतो? नाही म्हटलं असतं तर तुम्ही दोघं वाईट वाटून घेतलं असतं. परवानगीच मिळाली नाही, तर कुणाचा दोष नाही. मी आपला परत गेलो असतो." ते टेबलाकडे बघत होते. "तुमची दोन खोल्यांची जागा. तुमचं सगळं बसलेलं. त्यात मी म्हणजे... आज कोपरासुद्धा उचलला नाही रे मला. आता मी वर येऊन काय करणार? तुम्हीच मला उचलत बसाल."

मला खूप राग आला. विशेषणाचा आला, टेबलाचा आला, आणि सगळ्यात जास्त याचा आला की हे त्यांनी मला असं सांगावं, जणू मी कुणी सेक्रेटरी आहे आणि माझ्याकडून फक्त नकार घ्यायचाय. मी काही बोलणार, तेवढ्यात वरच्या पायरीवरून बायको म्हणाली, "बाबा, मला ऐकू आलं सगळं."

बाबा एकदम ताठ बसले.

"हे टेबल किती जड आहे ते आत्ता मला कळलं," ती म्हणाली. तिच्या हाताला फळीची धार लागून लाल वळ उठला होता आणि ती तो चोळत होती. "पण म्हणून ते इथे जिन्यात टाकून मी घरी जाणार आहे का? उठा बघू. तुम्ही पुढे व्हा, आणि कुठून वळवायचं ते सांगा. आम्हाला इथून काही दिसत नाही."

बाबा कठड्याला धरून उठले, आमच्यामधून वाट काढत वर गेले आणि वळणाच्या कोपऱ्यात उभे राहिले. "डॉक्टर, तुमचा पाय आधी. नाही, टेबलाचा पाय. आडवं करा. सेक्रेटरीसाहेब, खाली. आणखी खाली. आता फिरवा." तो आवाज मी लहानपणी शाळेच्या व्हरांड्यातून ऐकलेला होता. टेबल फिरलं.

त्यानंतर वळणं आली आणि गेली. मागून येणारे सल्लागार कुठेतरी मधल्या मजल्यावर पुन्हा कंबर धरून बसले, आणि शेवटी ते टेबल आमच्या दारातून आत शिरलं. शिरलं म्हणजे घर टेबलात शिरलं, असं म्हणणं जास्त बरोबर. बाहेरच्या खोलीत ते एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचलं. मी दिवाणावर पाय वर घेऊन बसलो. डॉक्टर दारातच राहिले, कारण आत जागा नव्हती. सेक्रेटरी टेबल आणि कपाट यांच्या मधे सापडले होते आणि तिथून बाहेर कसं पडायचं याचा अत्यंत गंभीरपणे विचार करत होते. बायको स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभी होती, तिला बाहेर येता येत नव्हतं.

बाबा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, खिडकीशी पोचले होते. कसे पोचले कोण जाणे. त्यांनी फळीवरून एकदा तळहात फिरवला, खिशातून फोन काढला आणि घरमालकाला लावला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "खोली सोडतोय मी. तुमच्या त्या भाडेकरूला सांगा, ये म्हणून... हो. मुलाकडे. कायमचा." पलीकडून घरमालक काहीतरी विचारत होता. बाबांनी आमच्याकडे पाहिलं. सेक्रेटरी त्या वेळी टेबलाखालून रांगत दाराकडे निघाले होते.

"छे हो, अडचण कसली," बाबा म्हणाले. "प्रशस्त जागा आहे."

मी काही दुरुस्ती सुचवली नाही.